सिंकची कळ पुन्हा न बसवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
ध्वनिसामग्री विभाग,
नभोवाणी केंद्र.

अर्जदार: वरिष्ठ ध्वनितंत्रज्ञ, नाट्यध्वनी कक्ष, खोली क्र. ७

विषय: कक्षातील सिंथेसायझरवर सिंकची कळ पुन्हा न बसवणे, तसेच एका बदली-अर्जावर उशिरा का होईना निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ: आपले ज्ञापन क्र. ३१२, दि. ४ ऑगस्ट (“कळ कोणी व का काढली याचा खुलासा करावा”).

महोदय,

उपरोक्त ज्ञापनास अनुसरून सविनय खुलासा करते, की कळ मी काढली. कामाच्या वेळेत, सकाळी साडेअकराला, स्वतःच्या पेचकसाने काढली. शिपायांवर उगाच संशय घेऊ नये.

१. आपण प्रशासन शाखेतून आला आहात, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. या यंत्रात आवाज काढणारे दोन ऑसिलेटर आहेत. सिंक चालू केले, की पहिल्याचे एक आवर्तन संपताच दुसऱ्याला, तो अर्ध्यात असो वा पाऊण वाटेवर, मुकाट्याने पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे दुसऱ्याला कितीही चढवा-उतरवा, स्वर पहिल्याचाच राहतो. बदलतो तो आवाजाचा पोत, आणि त्यातून विव्हळणे निघते. हा चढउतार हाताने करता येतो, किंवा तिसऱ्या, अगदी संथ ऑसिलेटरची वायर दुसऱ्याला जोडून. त्याला मॉड्युलेशन म्हणतात. आपल्या केंद्राच्या श्रुतिकांमधली सगळी भुते अशीच रडली आहेत.

२. भुते आम्ही दोघे करत असू. पट्ट्या माझ्या हाती, दुसऱ्या ऑसिलेटरचे बटण माझ्या धाकट्या भावाच्या हाती. “वायरला रडणं कुठे कळतं, ताई,” असे म्हणून तो मॉड्युलेशन हातानेच करी. बटण वर नेताना शेवटाच्या किंचित अलीकडे थांबे, कारण त्यापुढे खरखर येई. सिंक मात्र मी त्याला कधी बंद करू दिले नाही. “एकदा सुटं वाजू दे, मी येतो आपणहून सुरात,” असे तो म्हणे आणि मी त्याला वेड्यात काढत असे.

३. गेल्या वर्षी तो याच खोलीत, याच खुर्चीत, हृदय बंद पडून गेला. रजा संपवून मी रुजू झाले, यंत्र सुरू केले, आणि आवाज चढू-उतरू लागला. वायर जोडलेली नव्हती. बटण जागचे हलत नव्हते. कार्यशाळेने तीनदा तपासून “दोष आढळला नाही” असा शेरा दिला. आवाज दर वेळी शेवटाच्या किंचित अलीकडे थांबत होता, ही बाब त्यांच्या तक्त्यात बसत नव्हती. सुरुवातीला माझी गाळण उडाली. नंतर, लिहिताना लाज वाटते, मला बरे वाटू लागले. निदान तो हजर होता.

४. जुलैअखेर खण आवरताना त्याचा बदलीचा अर्ज सापडला. “सापडला” हे खोटे आहे. तो तिथे आहे हे मला सहा वर्षे ठाऊक होते. त्याने समुद्राकाठच्या केंद्रावर बदली मागितली होती. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे माझ्यामार्फत, जायचा होता. मी तो पुढे पाठवलाच नाही. कक्षाला माणूस कमी पडेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे मला त्याच्यावाचून करमले नसते. वरून उत्तर येईना, तेव्हा त्याने दोन-तीनदा विचारले, मग विचारणे सोडले. मला वाटले, विसरला.

५. त्या सकाळी मी सिंक बंद केले. दुसरा ऑसिलेटर प्रथमच सुटा ऐकू आला, कितीतरी खाली गेलेला. सिंक चालू असेतो तो किती लांब गेला आहे हे कळतच नाही, महोदय. वरून सगळे सुरात वाटते. मी एका पट्टीवर बोट ठेवून बसून राहिले. तो हळूहळू वर येऊ लागला. दोन स्वर जवळ आले, की त्यांच्यात थरथर सुरू होते. जितके जवळ, तितकी ती संथ. ती संथ होत होत थांबली. कोणी न ओढता तो आला होता. थोडा वेळ आमचा एकच सूर होता. मग थरथर पुन्हा सुरू झाली आणि तो खाली खाली जात ऐकू येईनासा झाला. त्यानंतर मी कळ काढली.

६. दुसरा ऑसिलेटर बंद पडल्याचा अहवाल आपल्याकडे आहेच. सोमवारी कार्यशाळा तो दुरुस्त करून नवी कळ बसवणार, असे समजते. कळ बसली, की त्याला पुन्हा फरफटत आणून आरंभाशी उभे केले जाईल, अशी मला भीती वाटते. भीती नियमात बसत नाही, हे मान्य. तरी कळीची जागा रिकामी ठेवावी आणि त्याच्या अर्जावर “मंजूर” लिहून सही करावी, ही हात जोडून विनंती. मयत कर्मचाऱ्याची बदली होत नाही, हे आस्थापना शाखा सांगेलच. पण अर्ज दिला तेव्हा तो जिवंत होता. विलंबाची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. माझ्यावर कारवाई जरूर व्हावी.

आपली नम्र, आणि या एका बाबतीत अवज्ञा करणारी,

(सही)
वरिष्ठ ध्वनितंत्रज्ञ
दि. ९ ऑगस्ट

सोबत:
१) आपल्या ज्ञापनाची प्रत.
२) सिंकची कळ, एक नग. परत करू नये.
३) माझ्या भावाचा बदलीचा मूळ अर्ज. सहा वर्षांपूर्वी राहिलेला माझा शेरा त्यावर आज लिहिला आहे: “अग्रेषित. कार्यमुक्त करण्यास हरकत नाही.”