न मारलेला घोडा

बाबा, काल अलिबागच्या स्पर्धेत जिंकलेला डाव मी घालवला, आणि तुझ्यामुळे घालवला. शेवटची फेरी होती. जिंकलो असतो तर आयुष्यातला पहिला चषक घरी आला असता. समोर न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला असलेला एक तरुण. त्याच्याकडे राजा आणि एकच घोडा उरलेला, माझ्याकडे हत्ती आणि वजीर व्हायला निघालेलं प्यादं. घोडा माझ्या हत्तीच्या तोंडाशी आयता उभा होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

तुझा आवाज ऐकू आला ना! होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत, मासेमारी बंद, आपण होडीच्या आडोशाला पट मांडून बसलोय. तुझा एकच मोहरा उरला की तू बोट नाचवायचास, "मारू नको त्याला. राजा एकला पडला त बुर्जी व्हते, डाव बरोबरीत." जुन्या देशी खेळाचा तो नियमच होता, मान्य. पण माझा शेवटचा मोहरा तू खुशाल मारायचास, आणि जाळी शिवणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "पोराना कसली बुर्जी?" सगळे खदाखदा हसायचे. एकदा चिडून मी तुझा हत्ती मारलाच, तर तू पट उधळून दिलास. तू गेलास तेव्हा मला रडू आलं नाही, हेही आज ऐकून घे.

काल मी घोडा सोडून शह दिला. घोड्याने उडी मारून उलट मलाच शह दिला, हत्ती खाल्ला, मग प्यादंही. बरोबरी. जिला भ्यालो तीच पदरात पडली.

"काका, घोडा फुकटात होता. का नाही मारला?"

"बुर्जी झाली असती."

"अहो, ती आजोबांच्या खेळात!" तो हसला. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मोबाईलवर रोज नव्या नियमांनीच खेळतो. हाताला ठाऊक नव्हतं.

घरी मुलगी पट मांडून वाट बघत होती. चषकाचं विचारलंन, मी सरळ खेळायला बसलो. पोरगी चांगली खेळते. माझा राजा आणि एक हत्ती उरला, आणि तिचा हात हत्तीकडे निघाला.

"मारू नकोस," मी म्हटलं, "बुर्जी होते."

तिने विश्वास ठेवला. त्याच हत्तीने मी तिच्यावर मात केली. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुलाच सांगतो: तिचे डोळे भरलेले बघून मला बरं वाटलं.