दहाची गठ्ठी

प्रिय वाल्मिक,

सगळ्यात आधी टपकली ती मंगलाबाई. शाळेचे सर आपल्या दाराकडे वळले हे तिला माझ्याआधी दिसलं. साखर मागायच्या निमित्ताने वाटी घेऊन आली आणि थेट खाटेवरच बसली. वाटी इथेच विसरून गेली. तिच्या मागून श्रीरंग सर आणि शाळेतल्या सरलाबेन. मी म्हटलं, झालं, पोरीचं नाव कापायला आले. तू गेल्या खेपेला घरी आलास तेव्हा सांगूनच गेलास ना, की कुंदनला गणित येत नाही, दिवाळीनंतर शाळा बंद, घरी बसून आईसोबत दुपट्ट्यांच्या घड्या घालेल. तुझी रंजना तर चहा ठेवायचंही विसरली. मीच केला, आलं जरा जास्त पडलं.

पण सरांनी पिशवीतून कुंदनचे शनिवारच्या कसोटीचे आठ पेपर काढले आणि चटईवर ओळीने मांडले, आपण दुपट्टे रंगाप्रमाणे लावतो तसे. तू आणि मी काय बघतो, लाल फुल्या आणि वरचा आकडा. सर मात्र फुलीखाली पोरीने काय लिहिलंय ते बघत होते. बेरीज बरोबर, पाढे बरोबर, साधी वजाबाकी बरोबर. हातचा घ्यावा लागला की चूक, आणि दर वेळी उत्तर नेमकं दोनाने जास्त. त्रेचाळीसमधून अठरा गेले की पंचवीस उरतात, हिचे सत्तावीस. आठही शनिवार तेच. सर म्हणाले, आजी, ज्याला येत नाही तो कसाही चुकतो. ही एकाच वाटेने चुकते, म्हणजे हिला कोणीतरी तसं शिकवलंय. मी म्हटलं, मास्तर तुम्ही, मग दुसरं कोण शिकवणार.

मग त्यांनी कुंदनला तेच गणित समोर करायला लावलं. पोरगी आपली पुटपुटली, सुटे कमी पडले, गठ्ठी सोडली, बारा निघाले.

वाल्मिक, ती गठ्ठी माझी रे. आपले दुपट्टे डझनाने बांधतात, सुटे कमी पडले की मी एक गठ्ठी सोडते. आजी, हातचा म्हणजे काय, असं तिने विचारलं तेव्हा मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई तेच दाखवून मोकळी झाले, आणि वर तोरा केवढा. मी सरांना सगळं सांगून टाकलं, मंगलाबाईसमोर. आता गल्ली ओलांडून पार उधन्यापर्यंत पोचलं असेल, पोचू दे. सरलाबेन म्हणाल्या, आजी, तुमची रीत छान आहे, फक्त गठ्ठी दहाची बांधा.

बांधल्या. चिंध्यांच्या, लाल सुतळीने, म्हणजे डझनात मिसळायला नकोत. रोज संध्याकाळी पाच गणितं, त्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या दिवशी तीन चुकली. पोरगी रडली, मी पण बसूनच राहिले, मलाही दहाची सवय करायची होती. परवाच्या कसोटीत हातच्याची सात गणितं होती, सहा बरोबर. सातवं का चुकलं तेही तिनेच मला सांगितलं. मी गल्लीभर गूळ वाटला, मंगलाबाईला तिच्याच वाटीतून.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू "बघू" म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून बळीराम हजिऱ्याला तुझ्याच कारखान्यात पाळीवर निघालाय, त्याच्या हाती पाठवते. पाकिटात दोन कागद आहेत. एक हा सहा गणितं बरोबर आलेला पेपर. दुसरा तुझ्या सहीचा, शाळेतून नाव काढायचा अर्ज. मी देते म्हणून रंजनाकडून मागून घेतला आणि दिला नाही, सर यायच्या कितीतरी आधीपासून तो तांदळाच्या डब्याखाली होता. तेव्हा माझ्याकडे पेपर नव्हते, काही नव्हतं, नुसता हट्ट होता. रागवायचं तर माझ्यावर रागव. पण अर्ज फाडायचा तो इथे येऊन, तिच्यासमोर फाड. पाळी बदलून घे. सर आणि सरलाबेन येत्या गुरुवारी, शाळा सुटल्यावर, परत येणार आहेत.

तुझीच,
माय