बाबांच्या चुलवाणातला वारा

प्रिय लेआंद्र,

तुमच्या खाणीकडे अजून बर्फ असेल. इथे बोसमध्ये मात्र अचानक ऊन पडले आणि आपल्या मेपलच्या झाडांनी एकदम रस सोडला. टाक्या काठोकाठ भरल्या आहेत. असेच ऊन राहिले तर रस आंबेल, आणि आंबलेल्या रसाचा पाक कसा होतो ते तुला मी काय सांगू. नुसत्या धुराड्याच्या ओढीवर चुलवाण एवढा रस आटवू शकत नव्हते. म्हणून अखेर मी पंखा बसवला. हो, तोच, ज्याच्यावरून तू आणि बाबा भांडलात आणि तू उत्तरेला निघून गेलास.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सगळा वारा मी लाकडांखालच्या जाळीखालून सोडला होता. राख आणि ठिणग्या धुराड्यातून बाहेर, लाकडांचा फडशा, आणि कढई जेमतेम उकळतेय. बाबा म्हणाले, "वा. यंदा पाक धुराड्यातून काढायचा." मग तुझे बोलणे आठवले, की थोडा वारा जाळाच्या वरूनही द्यायला हवा, म्हणजे न जळलेला धूरसुद्धा जळतो. पंख्याला जोडलेल्या एका नळीला भोके पाडून ती जाळाच्या वर बसवली, दाराच्या फटी बुजवल्या. धूर दिसेनासा झाला आणि रस असा उसळला, की फेस बसवायला दोरीने वर टांगलेला खारवलेल्या चरबीचा तुकडाच फेसात बुडाला. शेजारचा ओनेझिम बघायला आला होता. बाबांना म्हणाला, "काय रे फिलेमोन, पोरांनी चूल बाटवली म्हणायची तुझी." बाबा म्हणाले, "चूल माझीच आहे. तू घरी जा आणि बायकोच्या चुलीला फुंकर घाल."

पण वारा कोंडलेल्या चुलवाणाचा एक नियम असतो. आधी पंखा बंद करायचा, जरा थांबायचे, मगच दार उघडायचे. नाहीतर सगळा जाळ तोंडावर येतो. बाबांच्या हाताला हे कुठून कळणार? दार उघड, लाकूड टाक, दार लाव, ही एकच चाल तो हात आयुष्यभर चालत आला आहे. म्हणून मी बटणापाशी उभा राहायचो. "थांबा बाबा," म्हटले की गुरगुरायचे, "आता तू मला दार उघडायला शिकवणार, जेर्वे?" आणि थांबायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. सोलांज रोज मला म्हणायची, "अहो, त्यांना घरी बसवा. नाहीतर मीच येऊन त्या पंख्याची वायर कापते." तिचे चूक नव्हते. पंखा बंद केला तर रस जाणार, आणि बाबांना चुलवाणापासून उठवले तर त्यांचे काय उरेल, याची मला भीती वाटत होती.

कारण हल्ली ते भरलेल्या चुलीत पुन्हा लाकूड घालायला जातात. परवा त्यांनी विचारले, "तुझी आई चर्चमधून आली नाही का अजून?" आई आता नाही, तरी मी म्हटले, "येईल." ते खोटे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शनिवारी टाकीतून कढईत रस आणणारी नळी तुंबली. कढईच्या कोपऱ्यातून करपल्याचा वास आला. तळ उघडा पडला तर क्षणात कढई जळते, म्हणून मी बादली घेऊन धावलो. बटणापाशी कोणी नव्हते. मागे वळलो तर बाबांचा हात दाराच्या कडीवर. मी ओरडलो, पण पंख्याच्या घरघरीत त्यांना ऐकू गेले नसावे. जाळ त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर फुटून बाहेर आला. मी त्यांना मागे ओढले आणि लाथेने दार लावले. देवाची कृपा, त्यांच्या भुवया गेल्या, टोपी होरपळली, एवढेच. कढईही वाचली, कशी ते माहीत नाही.

ते लाकडांच्या ढिगावर बसले. माझ्याकडे निरखून पाहिले. मग चामड्याचे हातमोजे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "लेआंद्र, वाऱ्याचं तुझंच खरं होतं. मीच हट्टाला पेटलो. आता चूल तू सांभाळ. जेर्वेला मात्र इतक्यात सांगू नकोस. इतकी वर्षं माझ्याजवळ राहिलाय तो, त्याला वाईट वाटेल."

मी म्हटले, "नाही सांगत."

लहानपणी चर्चमध्ये आंधळ्या इसहाकाची गोष्ट ऐकताना, भावाचे सोंग घेऊन बापाकडून त्याचा आशीर्वाद चोरणाऱ्या याकोबाचा मला फार राग यायचा. मी काही चोरलेले नाही, तरी वस्तू तुझी आहे आणि हात माझे आहेत. रस थांबत नाही, म्हणून तेच हातमोजे घालून मी जाळ घालतो आहे. बाबा आता लांब बसतात, शांत असतात, आणि "लेआंद्र जेवला का?" असे सोलांजला विचारतात. झाडांना कळ्या फुटल्या की हंगाम संपेल. त्याच्या आत ये. तू आलास की हातमोजे मी गुपचूप त्यांच्यापाशी परत ठेवीन, म्हणजे त्यांच्याच हातून तुला मिळतील. आणि येणे होणारच नसेल, तर ते मी वापरावेत असे एका ओळीत मला कळव. एवढेच मागायला हे पत्र लिहिले. तोवर तुझ्या नावाने हाक आली की मी ओ देतो आहे.

तुझाच,
जेर्वे