वरची रांग

१४ ऑगस्ट, सकाळ

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पस्तिशीची झालीस, मोठ्या ऑफिसात नकाशे काढतेस, तरी माझ्या कागदावर तू ठमीच राहणार.

तुझ्या नव्या घराच्या मागच्या बाजूचा फोटो पाहिला. अंगण चटईएवढं, भिंत मात्र ऐसपैस. "बाबा, भिंतीवर उभी बाग लावू की खाली उंच वाफा बांधू?" असं तू विचारलंस आणि मी "बघू, बघू" म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस चार फळ्यांबद्दल बोलायला का कचरतो, असं तुला वाटलं असेल. म्हणून हे पत्र.

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी उभी बाग केली. मागच्या भिंतीला लाकडी चौकट ठोकली आणि तिच्यात एकावर एक सहा रांगा कुंड्या बसवल्या. जागा मुळीच अडत नाही. दिसायलाही इतकी देखणी, की शेजारचे मास्तर बायकोला हाक मारून दाखवत होते. पुदिना, पालक, कोथिंबीर छान येते. मुळा-गाजर मात्र विसर, चार बोटं मातीत ती पाय कुठे पसरणार? पाण्याचीही कटकट. वरून घातलेलं खालच्यांना मिळतं, पण सगळ्यात वरची रांग दुपारपर्यंत कोरडीठाक. तिला दिवसातून दोनदा पाणी लागतं. तू ती फार उंच घेऊ नकोस.

उंच वाफ्याला जागा लागते, माती पोत्यांनी लागते आणि पहिल्या वर्षी ती खचते. पण एकदा बसला की समजूतदार. एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी रुसत नाही. लोक गुडघ्याएवढा करतात. मी कमरेएवढा केला, पायांवर उभा, टेबलासारखा खालून मोकळा.

आता तू विचारशील, खालून मोकळा कशाला? तिथे चाकांची खुर्ची सरकते.

हे वाक्य तीनदा खोडलं. आता राहू दे.

खुर्ची तुझ्या आईची आहे. एप्रिलमध्ये ती स्टुलावर चढून वरच्या रांगेला पाणी घालत होती. ती रांग मी माझा हात पोचेल अशी लावली होती, आणि आई माझ्या खांद्याला लागते. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "अहो, एवढी एक रांग खाली घ्या." मी म्हणालो, "सगळी चौकट उघडावी लागेल. रविवारी करतो." असे सहा रविवार गेले. ती पडली तेव्हा मी आत पेपर वाचत होतो. आवाज पाण्याच्या डब्याचा आला. तिचा आलाच नाही.

खुब्याचं हाड मोडलं, कण्याला मार बसला. दोन ऑपरेशनं झाली. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, उभ्या राहतील, आधाराने चार पावलं टाकतील, पण पूर्वीसारखं चालणं होणार नाही.

तुला कळवायचं नाही, असं आईनेच बजावलं. "नवी नोकरी आहे, सगळं टाकून धावत येईल." मी मान डोलावली. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. तू आली असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, आई स्टुलावर का चढली? म्हणून व्हिडिओवर बोलताना आम्ही फोन असा धरायचो, की चाकं दिसू नयेत. दोन म्हातारी माणसं आणि धंदे चोरांचे.

दवाखान्यातून आल्यावर ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. शेवटी मी चौकट उतरवली आणि वाफा करायला घेतला. माप घ्यायला तिच्या खुर्चीत स्वतः बसलो. तिथून घर किती उंच दिसतं, ते तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी तिचे गुडघे बरोबर वाफ्याखाली गेले. मनगटापर्यंत हात मातीत घालून ती ढेकळं फोडत राहिली. मग म्हणाली, "अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझं माप घेतलंत." हसत म्हणाली, तरी लागायचं ते लागलं.

काल तुझा फोन झाल्यावर तिने विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"बघू म्हणालो."

"किती दिवस बघणार? लिहून टाका आता. पण मी घसरले असं लिहा. तुमचं नाव मध्ये नको."

मी हो म्हणालो. पण तसं लिहीत नाही. माझ्या आळसापायी ती पडली, हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं.

तू रागावशील. मनात ठेवू नकोस, काय बोलायचं ते बोल. फक्त आईसमोर बोलू नकोस. ती माझी बाजू घेईल आणि ते मला सोसणार नाही.

वाफाच कर. जमिनीपासून खालच्या फळीपर्यंत अठ्ठावीस इंच मोकळे सोड. आई तुझ्याकडे यायचं म्हणते आहे, मुळे स्वतः पेरणार आहे. तुझ्या दाराला किती पायऱ्या आहेत आणि एकेक किती उंच, ते मोजून कळव. खुर्ची चढवायला उतरती फळी मी इथेच तयार करून घेऊन येतो. उत्तर आलं त्याच दिवशी कामाला लागेन, रविवारची वाट पाहणार नाही.

चार महिने तुझ्यापासून तोंड लपवलेले,
तुझे बाबा