हौसाची ओटी

मुंबईच्या विमानतळावरच्या साहेबांस, मुरगूडच्या आक्काताईचा रामराम.

पावणं, माझी नात स्वप्नाली आज जर्मनीला निघालीया, कोळ्यांवर शिकायला. तिच्या डब्यात तळहाताएवढी केसाळ कोळीण हाय, हौसा. तिच्याबिगर पोरगी जायलाच तयार नव्हती. परवानगीचे कागद सगळे हायत. पण डब्यात मूठभर तांदूळ आणि हळकुंड सापडेल, त्याचा कागद न्हाय. ते मी गुपचूप घातलंय. लेक परमुलखात रिकाम्या ओटीनं धाडायची आमच्यात रीत न्हाय. पाय आठ असले म्हणून काय झालं? तवा पोरीला अडवू नका, ओरडायचं तर मला ओरडा.

गल्ली म्हणायची, "आक्का, किडं पाळणारीला पसंत कोण करणार?" आता जर्मनीनं केली की, हौसासकट!

एवढं सुनेला सांगून लिहून घेतलं आणि तिच्या मोबाईलवर स्वप्नालीचा फोन आला. डबा उघडून तुम्ही विचारलंत म्हणं, "हे तांदूळ कसले?" पोरगी भर रांगेत मोठ्यानं म्हणाली, "आमच्या आजीनं हिची ओटी भरलीया." आणि तुम्ही हसून दोघींना सोडलंत.

आता पत्र धाडत न्हाय. पण अंगठा उठवतेच.

आक्काताई,
भर रांगेत न लाजलेल्या पोरीची आजी