निंबावरचे उकंडकाका आणि १.८५ची चौकट

खामगाव, ४ फेब्रुवारी २०२४

ती. उकंडकाकांस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

पन्नास वर्षांपूर्वी तुमच्या धाड गावात शूटिंग झालेल्या त्या राजाराणीच्या सिनेमाची निगेटिव्ह साफ करून घरी टीव्हीवर पाहायची डिस्क बनवतोय. काका, त्यात काम केलं म्हणून सांगायचात, ते खरं निघालं! सिनेमात तुम्ही आहात, पोरवयाचे, निंबाच्या फांदीवर. पण निगेटिव्हवरचं चित्र उंच असतं. थिएटरात ते वरून-खालून झाकून १.८५:१ या मापात दाखवत (१.८ नव्हे, मी स्वतःच्या हिमतीवर शिकलोय, दशांशाला जपतो). तुमची फांदी नेमकी वरच्या झाकलेल्या भागात गेली.

दिग्दर्शकाची चौकट मोडणं मला पाप वाटतं. उघडली तर वर माइक लोंबतो, खाली महाराणीच्या पायात रबरी चपला दिसतात. काय करू?

लोभ आहेच, त्याला कात्री लावू नये.
आपला शेखर

धाड, ९ फेब्रुवारी

चि. शेखरास अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, मी फोनवर बोललो का सारी गल्ली ऐकते. पन्नास वर्षं लोक मले झुटा म्हणून राह्यले. शेजारचा किसनराव तं माह्या नातीच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर म्हणाला का, हे मोठे नट हायेत, फक्त दिसत नाहीत. तुह्या काकूलेही खरं वाटत नाही. चपलांचं काय घेऊन बसला? राणीलेही काटे टोचतच असतीन. बाजाराच्या दिवशी देवळासमोर पडदा लावतो. पुरं दाखव.

माया पातळ होऊ देऊ नको.
उकंडराव

खामगाव, १५ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न.

सगळी चौकट उघडून तपासली. तुम्ही एका नव्हे, सतरा दृश्यांत आहात. महालाची बाग, लढाई, महाराणीची चिता, सारं त्याच निंबाखाली. ऊन कलतं, सैन्य मरतं, तुम्ही वरच. चितेच्या वेळी तर एका हाताने फांदी धरून दुसरा हलवत ओरडताय. काका, तुम्ही काम केलं नव्हतं. तुम्हाला उतरता येत नव्हतं.

झाकलं तर तुम्ही झुटे, उघडलं तर गाव हसेल. एकदा दाखवलं की परत झाकता येणार नाही. नीट विचार करून कळवा. राग नसावा.

शेखर

धाड, १९ फेब्रुवारी

चि. शेखर,
उघड.
उकंडराव

धाड, ५ मार्च

चि. शेखरास आशीर्वाद.

तुही डिस्क लावून देवळासमोर सिनेमा झाला. पह्यले लोक लय हसले, किसनराव सगळ्यात जोरानं. पण लढाई सरली तरी मी वरच, हे पाहून हसू कमी होत गेलं. चितेपाशी राणीकडं कोणीच पाह्यलं नाही. नव्वद वर्षांची गोजरबाई रडून म्हणे का, त्या लेकराले कोणी उतरवा ना. तसा किसनराव उठला अन् देवळाची शिडी आणून पडद्याले लावली. पडदा उभा फाटला. त्याले मागं ओढलं, तं आयकेच ना. म्हणे, अगोदर उकंड्याले उतरू द्या.

मी पह्यल्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. माह्याकडं कोणाचंच ध्यान नव्हतं.

नवा पडदा आणतो, त्याची उंची कळव. काकूचा अन् माहा जीव तुह्यावर हाये, तसाच तुहाही राहू दे.

तुहा काका,
उकंडराव