पितळेवरचं नाव

आबा, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा दार वाजल्यासारखं वाटलं म्हणून, तिसऱ्यांदा उगाचच. जिवाला चैन नाही. माझ्या नातीनं, म्हणजे तुमच्या पणतीनं, इथे धुळ्याच्या घरात पुढच्या खोलीत लेसरचं मशीन टाकलंय. काय चालतं न् काय नाही ते भिंतीवर लिहून लावलंय. लाकूड, ॲक्रिलिक, कातडं, पुठ्ठा चालतं. काचेवर नुसतं कोरायचं, कापायचं नाही. परवा एक जण पाइपाच्या कारखान्यातला पीव्हीसीचा तुकडा घेऊन आला, त्याला तिनं दारातूनच परत लावलं. तो जळला की विषारी धूर निघतो, घसा जातो आणि मशीनही गंजतं म्हणे. नवीन वस्तू आली की आधी तिच्या पाठीवर एक टिंब मारून बघते. ते बघितलं आणि मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, कारण ते तुमचं होतं आणि तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

जळगावच्या भांडेबाजारात तुम्ही शेटजींच्या दुकानाच्या पायरीवर बसायचात, मांडीवर गोणपाट, हातात छिन्नी न् हातोडी. मी डबा घेऊन यायची. भांडं आलं की आधी नखानं टिचकी, मग बुडाला एक टिंब, मग नाव. तांबं मऊ, हात हलका पाहिजे. पितळ शहाणं, मागाल तेवढंच देतं. पुढे स्टील आलं तेव्हा त्याला तुम्ही काय काय शिव्या घातल्यात त्या इथे लिहीत नाही. आणि लग्नाची भांडी आली की मुलीच्या बापाला तुमचा एक प्रश्न ठरलेला असायचा, सासरी नाव बदलणार आहेत का? नक्की नसेल तर भांडी कोरीच न्या, तांदळात नाव लिहून झालं की आणा. अख्ख्या जळगावला तुम्ही हे सांगितलंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या वेळी मात्र महिनाभर आधीच एकवीस भांड्यांवर माझं नाव घालून मोकळे झालात. आई थांबा म्हणत होती. तुम्ही म्हणालात, माझ्या लेकीचं नाव कोण बदलतंय ते बघतो.

बदललं. मोठ्या जाऊबाईंचं नाव तेच होतं, आणि ते तुम्ही विचारलंच नव्हतं. एका घरात एकाच नावाच्या दोन सुना कशा चालणार? ह्यांनी अंगठीनं तांदळात दुसरंच नाव लिहिलं आणि मी मान खाली घालून वाचलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी भांडी मांडली न् त्यांचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हत्या त्या. एवढंच म्हणाल्या, उद्या वेगळ्या चुली झाल्या तर ही भांडी कुणाची म्हणायची? तुम्हाला निरोप गेला.

तुम्ही एसटीनं आलात, पिशवीत कानस आणि पॉलिश पेपर. अंगणात बसलात. ऊन तापलेलं. एकवीस भांडी समोर, ओट्यावर सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या दोघी. पहिली परात तुम्ही मांडीवर घेता, कानस टेकवता, आणि थांबता. घरच्यासारखं, सगळ्यांसमोर, अहिराणीत मला विचारता.

"पुसू का माय? तुनं नाव शे, तूच सांग."

मी नाही म्हणाले असते तर तुम्ही एकवीसच्या एकवीस गोणपाटात बांधून परत नेली असतीत. मला ते कळत होतं, म्हणूनच घाबरले. चार दिवसांची सून मी. "पुसा," म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले. आत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. बाहेर कानस घासत होती. तुम्ही न जेवता शेवटच्या गाडीनं गेलात.

आता ऐका. पुढे कुणी भांड्यांवरच्या त्या घासल्याच्या डागांबद्दल विचारलं की मी म्हणायची, आबांनी पुसलं, मला विचारलंसुद्धा नाही. पहिल्यांदा रागाच्या भरात म्हणाले, मग सवयच झाली. धाकट्या बहिणीला तेच सांगितलं. म्हणून तिनं तिच्या लग्नात तुम्हाला तोंडावर सांगितलं, माझ्या भांड्यांना हात लावू नका, आणि वीजवाल्या मशीनवर नावं घालून आणली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक शब्द बोलला असतात तर सगळं उघडं पडलं असतं. नाही बोललात. मीही नाही.

काल ती परात मी नातीपुढे ठेवली आणि म्हटलं, ह्या डागावर माझं माहेरचं नाव घालून दे. ती म्हणाली, "आजी, उघड्या पितळेवर हे मशीन चालत नाही गं, किरण परत फिरतो." मग एका लाकडी फळीवर मिनिटभरात काढून दिलं. मी विचारलं, हे पुसता येतं का? ती हसली. म्हणाली, "जळलेलं कसं पुसणार?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं आज धाकटीला सांगूनच टाकायचं. तीही आता सत्तरीची झाली, अजून तुमचं नाव निघालं की तोंड फिरवते. आत्ता, हे लिहिता लिहिता उठले आणि फोन लावला. तिनं लगेच उचलला, काय गं म्हणाली. फळी माझ्या मांडीवर होती.

मी विचारलं, पापड झाले का तुझे.